सर्दीच्या मागावर: सॉल्सबरीच्या संशोधन केंद्राचा इतिहास (१९४६–१९९०)

सर्दी, अर्थात पडसे, हा माणसाच्या वाट्याला सर्वाधिक वेळा येणारा आजार आहे. प्रौढ व्यक्तीला वर्षातून साधारण दोन-तीन वेळा आणि शाळेत जाऊ लागलेल्या मुलांना त्याहून बऱ्याच अधिक वेळा सर्दी होते. ती क्वचितच जिवावर बेतते, आणि म्हणूनच प्लेग, पटकी किंवा देवी या साथींच्या इतिहासाला जे स्थान मिळाले ते सर्दीच्या इतिहासाला कधी मिळाले नाही. उपचारांची पारख करण्याच्या दृष्टीने पाहिले तर मात्र सर्दी त्या भयंकर साथींपेक्षाही अवघड ठरते, कारण ती आपोआप बरी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास शिगेला पोहोचतो, नेमक्या त्याच वेळी माणूस काहीतरी उपाय करतो, आणि त्यानंतर जो उतार पडतो त्याचे श्रेय त्या उपायाला मिळते. सुंठ-तुळशीचा काढा असो, निलगिरीच्या तेलाची वाफ असो की औषधाच्या दुकानातील गोळी असो, प्रत्येकाच्या बाजूने साक्ष देणारी प्रामाणिक माणसे हजारोंनी सापडतात, आणि त्यांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. बरे वाटणे आणि औषधाने बरे होणे या दोहोंत भेद कसा करायचा, हा वैद्यकातील मूलभूत प्रश्न सर्दीच्या बाबतीत सर्वांत टोकदार होतो. या प्रश्नाला चव्वेचाळीस वर्षे सातत्याने भिडलेली एक संस्था दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील सॉल्सबरी या शहरालगत उभी राहिली. ‘कॉमन कोल्ड युनिट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या केंद्राला सर्दीवर रामबाण उपाय सापडला नाही. तरीही सर्दीविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्याचा मोठा भाग तेथील कामातून आला आहे.

विषाणूचा सुगावा

सर्दीची स्वतंत्र रोग म्हणून नोंद फार जुनी आहे. आयुर्वेदात तिला ‘प्रतिश्याय’ अशी संज्ञा असून सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिच्या प्रकारांचे आणि चिकित्सेचे स्वतंत्र विवेचन आलेले आहे. युरोपात गारठा, ओलावा आणि वाऱ्याचा झोत यांमुळे शरीरातील द्रव बिघडतात व ते नाकावाटे बाहेर पडतात, अशी समजूत अनेक शतके टिकून होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्षय, पटकी आणि घटसर्प यांचे जिवाणू सापडले, तेव्हा सर्दीचाही एखादा जिवाणू असणारच असे गृहीत धरून तो नाकातील स्रावात शोधला जाऊ लागला, आणि तेथे सदैव वस्ती करून असलेल्या निरुपद्रवी जिवाणूंवर आळीपाळीने आरोप ठेवला गेला.

या शोधाला वेगळी दिशा मिळाली ती १९१४ मध्ये, जर्मनीतील लाइपझिग येथे. वाल्टर क्रूझ या जिवाणुशास्त्रज्ञाने सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील स्राव पातळ करून तो अतिशय सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून जिवाणू पार होऊ शकत नाहीत; तरीही गाळून आलेल्या द्रवाचे थेंब निरोगी माणसांच्या नाकात टाकल्यावर त्यांतील काहींना सर्दी झाली. याचा अर्थ, सर्दीचे कारण जिवाणूहून कितीतरी लहान असले पाहिजे. अशा गाळणीपार जाणाऱ्या रोगकारकांना पुढे ‘विषाणू’ हे नाव रूढ झाले. पहिल्या महायुद्धामुळे क्रूझचा हा निष्कर्ष बराच काळ दुर्लक्षित राहिला. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात अल्फॉन्स डोशे याने चिंपांझींना आणि नंतर मानवी स्वयंसेवकांना गाळलेल्या स्रावाने सर्दी देऊन दाखवली, तेव्हा हा विषय पुन्हा चर्चेत आला.

डोशेच्या कामाने प्रभावित झालेल्यांपैकी एक होता इंग्लंडचा क्रिस्टोफर अँड्र्यूज. लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करणाऱ्या या संशोधकाने वैद्यकीय विद्यार्थ्यांवर सर्दीचे काही प्रयोग केले खरे, परंतु लंडनसारख्या शहरात वावरणाऱ्या तरुणांना झालेली सर्दी प्रयोगामुळे झाली की बसमधील शेजाऱ्यामुळे, हे सांगणे अशक्य होते. दरम्यान १९३३ मध्ये विल्सन स्मिथ आणि पॅट्रिक लेडलॉ यांच्यासह त्याने माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथमच वेगळा केला. हे यश शक्य झाले ते फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला इन्फ्लुएन्झा होतो म्हणून. सर्दीसाठी मात्र असा सोयीचा प्राणी नव्हता. उंदीर, हॅमस्टर, खारी, डुकरे, विविध जातींची माकडे अशा अनेक प्राण्यांच्या नाकात सर्दीचा स्राव टाकून पाहण्यात आला, पण चिंपांझी वगळता कोणालाही सर्दी झाली नाही, आणि चिंपांझी महाग, दुर्मीळ व हाताळायला अवघड होते. त्यामुळे माणसाच्या सर्दीचा अभ्यास माणसावरच करणे भाग होते.

अशा अभ्यासात कोणती काळजी घ्यावी लागते, याचा धडा युद्धकाळातच मिळाला होता. १९४३ मध्ये ‘पॅट्युलिन’ नावाचे, बुरशीपासून मिळणारे द्रव्य सर्दीवर गुणकारी असल्याचा दावा पुढे आला. पेनिसिलिनच्या यशाने बुरशीजन्य औषधांविषयी मोठी आशा निर्माण झालेली असताना नौसैनिकांवरील पहिल्या चाचणीत पॅट्युलिनचा ठळक फायदा दिसला. तेव्हा ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने कार्यालयांतील आणि कारखान्यांतील हजाराहून अधिक कामगारांवर मोठी चाचणी घेतली. काहींना पॅट्युलिन आणि काहींना हुबेहूब तसाच दिसणारा निष्क्रिय द्रव दिला गेला, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते व त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. अशा चाचणीला ‘दुहेरी अंध चाचणी’ म्हणतात आणि निष्क्रिय द्रव मिळालेल्या गटाला ‘नियंत्रण गट’. १९४४ मध्ये निकाल लागला तेव्हा दोन्ही गट सारख्याच वेगाने बरे झाल्याचे आढळले. पॅट्युलिनची कीर्ती विरून गेली, परंतु तिची परीक्षा घेणारी पद्धत वैद्यकात कायमची रुजली.

टेकडीवरच्या बराकी

सॉल्सबरीलगतच्या हार्नहॅम टेकडीवर १९४१ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेडक्रॉस यांनी ब्रिटनच्या मदतीसाठी एक रुग्णालय उभारले होते. बॉम्बहल्ल्यांमुळे विस्थापित झालेल्या लोकांत साथी पसरतील या भीतीने हे रुग्णालय योजले गेले. त्याच्या लाकडी बराकींचे सुटे भाग अमेरिकेतून जहाजांनी आणले गेले, आणि तेथे कामावर रुजू होण्यासाठी निघालेल्या परिचारिकांपैकी काहींना जर्मन पाणबुड्यांच्या हल्ल्यांत अटलांटिक महासागरातच प्राण गमवावे लागले. ज्या मोठ्या साथींची धास्ती होती त्या आल्या नाहीत. युद्ध संपल्यावर या बराकी ब्रिटिश सरकारच्या ताब्यात आल्या, आणि एकमेकींपासून अंतर राखून बांधलेल्या त्या इमारती माणसांना अलग ठेवून प्रयोग करण्यासाठी सर्वथा योग्य आहेत हे अँड्र्यूजच्या ध्यानात आले. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर १९४६ च्या जुलैमध्ये स्वयंसेवकांची पहिली तुकडी तेथे दाखल झाली.

प्रयोगाची रचना साधी आणि अत्यंत काटेकोर होती. दर पंधरवड्याला सुमारे तीस स्वयंसेवक सुमारे दहा दिवसांच्या मुक्कामासाठी येत; त्यांत विद्यार्थी असत, शिक्षक असत, गृहिणी असत, आणि मधुचंद्रासाठी आलेली नवपरिणीत जोडपीही असत, कारण युद्धोत्तर टंचाईच्या काळात राहणे-जेवण फुकट आणि वर दिवसाला तीन शिलिंग हातखर्च अशी सवलत मिळणे ही लहान बाब नव्हती. दोघा-तिघांना मिळून एक खोल्यांचा संच दिला जाई आणि त्यांनी इतर कोणाच्याही जवळ जायचे नसे. जेवण उष्णता टिकवणाऱ्या डब्यांतून दाराबाहेर ठेवले जाई. टेकडीवर फिरायला मोकळीक होती, परंतु समोरून माणूस आला तर किमान तीस फुटांचे अंतर राखावे लागे. पहिले तीन-चार दिवस काहीच केले जात नसे. येतानाच कोणी सर्दी घेऊन आला असेल तर ती या अवधीत उघड व्हावी, हा त्यामागील हेतू होता. त्यानंतर स्वयंसेवकाला मान मागे टाकून झोपवून त्याच्या नाकात काही थेंब सोडले जात. काहींच्या वाट्याला सर्दीच्या रुग्णाचा गाळलेला स्राव येई, तर काहींच्या वाट्याला नुसते निर्जंतुक द्रावण. कोणाला काय मिळाले, हे रोज मुखपट्टी लावून तपासायला येणाऱ्या डॉक्टरलाही सांगितले जात नसे.

सर्दी किती तीव्र आहे हे रुग्णाच्या तक्रारींवरून ठरवणे धोक्याचे असल्याने काही मोजमापे योजावी लागली. ताप, शिंका, घशाची अवस्था यांच्या नोंदी होतच, पण त्याखेरीज प्रत्येकाने दिवसभरात वापरलेले कागदी रुमाल जपून ठेवले जात आणि ते मोजले जात. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या मोजणीमुळे एका माणसाची सर्दी दुसऱ्याच्या सर्दीशी पडताळून पाहता येऊ लागली. विषाणू थेट नाकात सोडूनही सर्वांना सर्दी होत नाही, हेही येथेच स्पष्ट झाले. अनेक स्वयंसेवक दहा दिवस ठणठणीत राहून घरी परतत. म्हणजे ‘सर्दी झाली नाही’ एवढ्यावरून कोणत्याही प्रतिबंधक उपायाचे श्रेय सिद्ध होत नाही, कारण उपाय न केलेल्यांपैकीही अनेकांना ती होत नाही.

गारठा, झोत आणि पत्त्यांचा डाव

सर्वप्रथम कसोटीला लागली ती सर्वांत दृढ समजूत. पावसात भिजले, ओले कपडे अंगावर राहिले किंवा गार वारा लागला की सर्दी होते, यावर इंग्लंडमधील लोकांचा जितका विश्वास होता तितकाच तो महाराष्ट्रातील घराघरांत आजही आहे. केंद्रात स्वयंसेवकांचे तीन गट केले गेले. एका गटाला केवळ गारठवले, दुसऱ्याला केवळ विषाणू दिला आणि तिसऱ्याला विषाणू देऊन शिवाय गारठवले. गारठवण्याची रीत अशी, की स्वयंसेवकांनी गरम पाण्याने आंघोळ करायची, अंग न पुसता पोहण्याच्या कपड्यांत वारा खेळणाऱ्या बोळात अर्धा तास किंवा सोसवेल तेवढा वेळ उभे राहायचे, आणि नंतरही काही तास ओले मोजे घालून वावरायचे. नुसते गारठवलेल्या गटात कोणालाच सर्दी झाली नाही. पहिल्या खेपेस विषाणू व गारठा दोन्ही मिळालेल्यांत सर्दीचे प्रमाण अधिक दिसले, आणि प्रयोग तेथेच थांबवला असता तर जुन्या समजुतीला शास्त्राचा शिक्का मिळाला असता. पण प्रयोग पुन्हा केला तेव्हा निकाल उलटा लागला. लहान गटांत योगायोगाने पडणारा फरक आणि खरा फरक यांची गल्लत किती सहज होते, हे त्यातून दिसले.

या प्रश्नाची पुढची कथाही येथेच नोंदवणे उचित ठरेल. २००५ मध्ये वेल्समधील कार्डिफ येथे १८० जणांवर झालेल्या अभ्यासात निम्म्यांनी वीस मिनिटे थंड पाण्यात पाय बुडवून ठेवले, आणि पुढील चार-पाच दिवसांत त्यांच्यापैकी १३ जणांनी, तर उरलेल्या निम्म्यांपैकी ५ जणांनी सर्दीची लक्षणे सांगितली. शरीरात आधीच दबा धरून असलेल्या विषाणूला गारठ्यामुळे वाव मिळत असावा, अशी उपपत्ती अभ्यासकांनी मांडली. परंतु आपले पाय पाण्यात होते की नाही हे कोणापासून लपवता येत नाही, आणि लक्षणे स्वतः सहभागी सांगत होते. त्यामुळे सॉल्सबरीच्या शिस्तीने पाहिल्यास हा पुरावा सूचक असला तरी निर्णायक ठरत नाही. गारठ्याने विषाणूशिवाय सर्दी होत नाही, एवढे मात्र निश्चित झाले.

सर्दी पसरते कशी, हा दुसरा प्रश्न होता. पुढे पृथ्वीविषयीच्या ‘गाया’ सिद्धान्तामुळे जगप्रसिद्ध झालेला जेम्स लव्हलॉक या काळात केंद्राशी संबंधित होता आणि खोल्यांमधील हवेचे सूक्ष्म प्रवाह मोजणारी उपकरणे त्याने तयार केली. संसर्गाच्या एका प्रयोगात एका माणसाच्या नाकाजवळ बारीक नळी बसवून तिच्यातून वाहत्या नाकाच्या वेगाने एक द्रव झिरपत ठेवला गेला. या द्रवात मिसळलेला रंग साध्या उजेडात दिसत नसे, पण अतिनील किरणांत चमकत असे. तो माणूस इतरांबरोबर पत्ते खेळत बसला, मधूनमधून रुमालाने नाक पुसत राहिला, आणि नंतर खोलीतील दिवे मालवून अतिनील दिवा लावला तेव्हा त्याचे हात, पत्ते, टेबल, खाण्याचे पदार्थ आणि इतर खेळाडूंची बोटे व चेहरे असे सर्व काही चमकताना दिसले. नाकातील स्राव हातांवाटे किती दूरवर पोहोचतो, याचे इतके स्पष्ट दर्शन त्यापूर्वी कोणालाच घडले नव्हते.

स्राव पोहोचणे आणि रोग होणे यांत मात्र अंतर असते. १९५० च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याजवळील एलान नान रोन या निर्जन बेटावर अ‍ॅबरडीन विद्यापीठातील बारा जणांना सुमारे तीन महिने जगापासून अलग ठेवण्यात आले. इतका काळ संसर्गापासून दूर राहिलेली माणसे सर्दीला पटकन बळी पडतील या अपेक्षेने सर्दी झालेल्या व्यक्तींना त्यांच्या सहवासात आणले गेले, परंतु त्यांना सर्दी देणे अपेक्षेपेक्षा कितीतरी कठीण गेले. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात जॅक ग्वाल्टनी आणि ओवेन हेंडली यांनी सर्दीचा विषाणू हातातून हातात आणि तेथून नाका-डोळ्यांत जाऊ शकतो हे दाखवले. तर १९८७ मध्ये विस्कॉन्सिनमधील इलियट डिक याने वेगळाच निष्कर्ष मांडला. त्याने सर्दी झालेल्या व निरोगी पुरुषांना बारा-बारा तास पोकर खेळायला बसवले आणि निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांना हात चेहऱ्यापर्यंत नेता येऊ नये अशी बंधने घातली. बंधने असलेल्या १८ पैकी १० जणांना आणि नसलेल्या १८ पैकी १२ जणांना संसर्ग झाला, म्हणजे फरक नगण्य होता. उलट, स्रावाने माखलेले पत्ते दुसऱ्या खोलीतील निरोगी माणसांना हाताळायला दिले तेव्हा कोणालाच सर्दी झाली नाही. या सर्व प्रयोगांचा एकत्रित अर्थ असा, की सर्दी हातांवाटेही पसरते आणि हवेतील सूक्ष्म थेंबांवाटेही पसरते. म्हणूनच वारंवार हात धुणे, चेहऱ्याला उगीच स्पर्श न करणे आणि बंद खोलीत हवा खेळती ठेवणे या उपायांपैकी कोणताही एक पुरेसा नसतो.

तेहतीस अंश

विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही तोवर त्याची ओळख पटत नाही, त्याच्यावर लस करता येत नाही आणि औषधांची प्राथमिक पारखही करता येत नाही. पहिल्या चौदा वर्षांत केंद्रासमोरची ही सर्वांत मोठी अडचण होती. विषाणू केवळ जिवंत पेशींत वाढतात. त्यामुळे शरीराबाहेर काचनळीत पेशी जगवण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, पद्धत विकसित झाल्यावर अँड्र्यूज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मानवी गर्भाच्या फुप्फुसातील पेशींत सर्दीचा विषाणू वाढवण्याचा प्रयत्न केला. १९५३ मध्ये त्यांना एकदा यश आले, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने खटपट करूनही ते पुन्हा साधले नाही.

१९५७ मध्ये डेव्हिड टायरल हा तरुण डॉक्टर सॉल्सबरीत आला. विषाणूला पेशींत जी परिस्थिती दिली जाते ती नाकातील परिस्थितीशी जुळते का, हा त्याच्या विचाराचा गाभा होता. प्रयोगशाळांत पेशी ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या आतील तापमानाला, ठेवण्याचा प्रघात होता. परंतु श्वासागणिक थंड हवा आत घेणाऱ्या नाकाचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असते. टायरल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तापमान ३३ अंशांवर आणले, पोषक द्रवाची आम्लता किंचित वाढवली आणि पेशींना प्राणवायू मिळत राहावा म्हणून काचनळ्या संथपणे फिरत्या ठेवल्या. एवढ्याने स्वयंसेवकांच्या नाकातून मिळालेले विषाणू मानवी मूत्रपिंडाच्या पेशींत वाढू लागले, आणि १९६० मध्ये हे यश प्रसिद्ध झाले. त्याआधी १९५० च्या दशकात अमेरिकेत विन्स्टन प्राइस आणि इतरांनी अशा जातीचा एक विषाणू वेगळा केला होता, पण सॉल्सबरीच्या पद्धतीमुळे एकामागून एक नवे विषाणू हाती येऊ लागले. नाक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना ‘ऱ्हायनोव्हायरस’ म्हटले जाऊ लागले.

याच यशातून सर्वांत मोठी निराशाही पदरी पडली. एका ऱ्हायनोव्हायरसपासून केलेल्या लसीने त्या प्रकाराविरुद्ध संरक्षण मिळते, हे १९६५ च्या चाचणीत दिसले. परंतु तोवर ऱ्हायनोव्हायरसचे प्रकार झपाट्याने वाढत चालले होते, आणि एका प्रकाराविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिने, दुसऱ्या प्रकाराविरुद्ध फारशी उपयोगी पडत नव्हती. आज ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. सर्दी पुन्हा पुन्हा का होते, या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले: माणूस प्रत्येक वेळी वेगळ्याच विषाणूला सामोरा जात असतो, आणि म्हणून सर्दीवर एकच लस हे उद्दिष्टच अवघड आहे.

काट्यांचा मुकुट धारण करणारा विषाणू

ऊतिसंवर्धनात न वाढणारे काही नमुने तरीही उरले होते. त्यांपैकी बी-८१४ या क्रमांकाचा नमुना एका निवासी शाळेतील मुलाच्या नाकातून घेतलेला होता. तो स्वयंसेवकांच्या नाकात टाकला की सर्दी होई, पण कोणत्याही पेशींत तो वाढत नसे. स्वीडनमधील लुंड येथून आलेल्या बर्टिल हूर्न याने मानवी श्वासनलिकेचे लहान तुकडे काचपात्रात जिवंत ठेवण्याचे तंत्र अवगत केले होते. या तुकड्यांवरील सूक्ष्म केस कित्येक दिवस हलत राहत. अशा तुकड्यांत बी-८१४ वाढतो हे टायरल आणि मार्क बायनो यांनी १९६५ मध्ये जाहीर केले.

तो दिसतो कसा, हे दाखवले जून अल्मेडा हिने. ग्लासगो येथे जन्मलेली आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागलेली अल्मेडा कॅनडात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या कामात पारंगत झाली आणि पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुजू झाली. भोवतीच्या जागेला जड धातूच्या क्षाराचा गडद रंग देऊन मधला विषाणू उजळ दाखवण्याचे तंत्र, आणि त्याला प्रतिपिंडांची जोड देऊन विषाणू ओळखण्याची पद्धत, यांत तिचा हातखंडा होता. टायरलने पाठवलेल्या नमुन्यांत तिला गोलाकार कण दिसले, ज्यांच्या कडेने ठळक काट्यांची किनार होती. कोंबड्यांच्या आणि उंदरांच्या रोगांत असेच कण तिने पूर्वीच पाहिले होते, मात्र त्या वेळी परीक्षकांनी ती इन्फ्लुएन्झाची सदोष छायाचित्रे ठरवली होती. आता या साऱ्यांचे एक स्वतंत्र कुल असल्याचे स्पष्ट झाले आणि १९६८ मध्ये त्याला ‘करोनाव्हायरस’ हे नाव देण्यात आले.

पुढील पस्तीस वर्षे मानवी करोनाव्हायरस हा सर्दीचे एक साधे कारण म्हणून दुय्यम मानला गेला. २००३ मधील सार्स आणि २०१९ च्या अखेरीस सुरू झालेली कोविडची जागतिक साथ यांनी ते चित्र पालटले. जानेवारी २०२० मध्ये केरळात भारतातील पहिला कोविड रुग्ण आढळला, आणि त्याच्या घशातील नमुन्यातील विषाणूची छायाचित्रे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, तेव्हा विषाणू उजळ दाखवण्याचे तेच तंत्र वापरले गेले होते, आणि दिसलेला कणही काट्यांच्या त्याच किनारीचा होता.

औषधांची परीक्षा

विषाणूंचा शोध चालू असतानाच केंद्राने प्रचलित आणि नव्या औषधांना एकामागून एक कसोटीवर घेतले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलर्जीवरील अँटिहिस्टामीन गोळ्या सर्दी थांबवतात असा अमेरिकेत मोठा गाजावाजा झाला होता, पण वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९५० मधील चाचण्यांत तो टिकला नाही. क जीवनसत्त्वाचीही तीच गत झाली. टायरल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ९१ स्वयंसेवकांवर घेतलेली चाचणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि रोज तीन ग्रॅम क जीवनसत्त्व घेणाऱ्यांत व न घेणाऱ्यांत काहीही फरक दिसला नाही. तीन वर्षांनी दोन नोबेल पारितोषिकांचा मानकरी लायनस पॉलिंग याने क जीवनसत्त्वाचा जोरदार पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि जगभर त्याचा खप वाढला. त्यानंतर झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा, की नियमित क जीवनसत्त्व घेतल्याने सर्वसामान्य लोकांत सर्दीची संख्या कमी होत नाही, तिचा कालावधी थोडासा घटतो, आणि मॅरेथॉन धावपटूंसारख्या, शरीरावर अतिरेकी ताण पडणाऱ्यांना मात्र प्रतिबंधाचा लाभ होतो. सर्दी सुरू झाल्यावर ते घेण्याचा फायदा सातत्याने दिसलेला नाही.

सर्वांत अधिक आशा होती ती इंटरफेरॉनकडून. विषाणूने गाठलेली पेशी शेजारच्या पेशींना सावध करणारे एक प्रथिन सोडते, हे ॲलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये दाखवून त्याला हे नाव दिले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींपासून मोठ्या कष्टाने मिळवलेले इंटरफेरॉन सॉल्सबरीतील स्वयंसेवकांच्या नाकात फवारण्यात आले आणि सर्दीला खरोखर आळा बसला. जनुकीय तंत्रज्ञानाने ते मुबलक झाल्यावर १९८० च्या दशकात व्यापक चाचण्या झाल्या, तेव्हा दीर्घकाळ फवारल्याने नाकाचा दाह होतो आणि रक्तही येते, असे आढळले. म्हणजे औषधाचा त्रास जवळजवळ सर्दीइतकाच ठरला.

वाफेचाही विचार केंद्राने गांभीर्याने केला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४३ अंशांची दमट हवा वीस ते तीस मिनिटे नाकाने घेतलेल्यांना कमी तापमानाची हवा मिळालेल्यांपेक्षा आराम पडल्याचे दिसले, पण अमेरिकेतील इतर चाचण्यांत हा फायदा आढळला नाही. वाफारा घेतल्याने नाक मोकळे वाटते ही अनुभवाची बाब आहे. त्याने सर्दी लवकर बरी होते याला ठोस आधार नाही, आणि उकळत्या पाण्याचे भांडे उलटून मुले भाजण्याचा धोका मात्र खरा आहे.

केंद्राच्या अखेरच्या वर्षांतील एका कामाने सर्दीचा संबंध मनाशी जोडला. शेल्डन कोहेन, टायरल आणि अँड्र्यू स्मिथ यांनी ३९४ स्वयंसेवकांच्या आयुष्यातील ताणतणावाची मोजदाद आधी करून मग त्यांना पाच वेगवेगळे श्वसनविषाणू दिले. जितका ताण अधिक तितकी सर्दीची शक्यता अधिक, असा निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

केंद्र बंद झाल्यानंतर

तोपर्यंत केंद्राची दारे बंद झाली होती. आर्थिक ओढाताण आणि बदललेले संशोधनविषयक प्राधान्यक्रम यांमुळे वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९० मध्ये ते गुंडाळले. चव्वेचाळीस वर्षांत सुमारे वीस हजार माणसांनी तेथे स्वेच्छेने सर्दी पत्करण्याची तयारी दाखवली होती. निरोगी माणसाला हेतुपुरस्सर संसर्ग देण्याची ही रीत आज अनेक नैतिक बंधनांच्या चौकटीत वापरली जाते: २०२१ मध्ये लंडनमध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना कोविडचा विषाणू देऊन संसर्गाचा क्रम अभ्यासला गेला, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही २०२३ मध्ये अशा अभ्यासांविषयी धोरणात्मक निवेदन प्रसिद्ध केले.

या इतिहासाचा उपयोग दैनंदिन व्यवहाराला किती लागू पडतो, हे सर्दीच्या गोळ्यांच्या ताज्या उदाहरणावरून दिसते. भारतात आणि जगभर विकल्या जाणाऱ्या असंख्य गोळ्यांत नाक मोकळे करण्यासाठी फिनाइलएफ्रिन हे द्रव्य असते. तोंडावाटे घेतल्यास ते निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक परिणाम करत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितले. हेच द्रव्य आणि क्लोरफेनिरामीन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढला. प्रतिजैविके तर जिवाणूंवर काम करतात, सर्दीच्या विषाणूंवर नाही. साध्या सर्दीत ती घेतल्याने रुग्णाचा फायदा शून्य आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढण्याचे नुकसान मात्र साऱ्या समाजाचे होते. तरीही ती मागितली जातात आणि दिली जातात, कारण घेतल्यानंतर चार दिवसांनी बरे वाटते.

सॉल्सबरीच्या स्वयंसेवकांनी आपले नाक पुढे करून जे ज्ञान मिळवून दिले त्याचा खरा कस याच ठिकाणी लागतो. चार दिवसांनी बरे वाटले हा औषधाच्या गुणाचा पुरावा होत नाही, तर औषध न घेतलेल्या माणसालाही तितक्याच दिवसांत बरे वाटले असते का, हे विचारावे लागते. या प्रश्नाच्या उजेडात पाहिले तर सर्दीसाठी आज जे उरते ते थोडके आहे, पण भरवशाचे आहे: विश्रांती, पुरेसे पाणी व गरम पेये, मोठ्यांना ताप-अंगदुखीपुरते पॅरासिटामॉल, खोकणाऱ्या वर्षावरील मुलाला झोपताना चमचाभर मध, हात धुण्याची सवय, उघड्या खिडक्या आणि सर्दी झाली असता लहान बाळांपासून व वृद्धांपासून दूर राहण्याचा विचार. श्वास घेताना धाप लागत असेल, ताप हटत नसेल किंवा दहा दिवसांनंतरही उतार पडत नसेल, तर ती साधी सर्दी न मानता डॉक्टरांकडे जावे. औषधाच्या दुकानातील रंगीत पाकिटांनी दिलेल्या आश्वासनांपेक्षा ही यादी लहान दिसते. परंतु तिच्यातील गोष्टींनी रुग्णाची हानी होत नाही, आणि ज्यांची परीक्षा झाली आहे त्यांनी ती प्रामाणिकपणे दिलेली आहे.